चंद्रभानची कोरडी तार

चंद्रभान रिटायर झाला त्याला चार वर्षं झाली. बुटीबोरीच्या एका धाग्याच्या कारखान्यात तो सत्तावीस वर्षं वाइंडरवर, म्हणजे धागा रिळावर गुंडाळायच्या मशीनवर, होता. मी तिथंच मेंटेनन्सला फिटर. आमची बस एक, डबा खायची जागा एक, आणि आता प्रताप नगरात घरंही दोन गल्ल्यांच्या अंतरावर. त्याच्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मी लिहितो.

त्याचं काम आधी सांगतो. वरच्या मजल्यावर प्लास्टिक वितळायचं. चाळणीतून केसासारख्या धारांनी खाली यायचं, वाटेत गार होऊन त्याचा धागा व्हायचा. खाली चंद्रभान उभा. धागा मिनिटाला तीन किलोमीटर धावतो. तुटला की हवेच्या गननं ओढून धरायचा आणि फिरत्या रिळावर पुन्हा चढवायचा. हे शिकायला नवीन माणसाला महिना लागतो. चंद्रभानला आठवडा लागला. प्रत्येक रिळात कामगाराच्या नंबरची चिठ्ठी असायची. दोष निघाला की रीळ लाल चिठ्ठी लागून परत यायचं. सत्तावीस वर्षांत त्याची चार रिळं परत आली. चारही तारखा त्याला पाठ आहेत.

रिटायर झाल्यावर पहिले दोन महिने त्यानं घरात सापडेल ते गुंडाळलं. बायकोची लोकर, नळाचा पाइप, विहारातल्या पताकांची दोरी, इस्त्रीची वायर. सगळं एकाच ताणानं, एकाच रुंदीनं. ‘धर्मेंद्रचे बाबा, माह्या वेणीले हात लावू नका,’ असं प्रेमिलावहिनी एकदा माझ्यासमोर म्हणाल्या. ते दोघंही हसले नाहीत. मी हसलो.

धर्मेंद्र त्यांचा मुलगा. तो नोकरीपायी महिन्यातले वीस दिवस बाहेर असतो. सून दिपाली पॉलिटेक्निक झालेली आहे आणि घरूनच काम करते. तिच्या खोलीत थ्री-डी प्रिंटर आहे. कॉम्प्युटरवर वस्तूचं चित्र काढायचं, प्रिंटर प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देत जातो आणि वस्तू उभी राहते. त्या तारेला फिलामेंट म्हणतात. कोणाच्या पंख्याचं तुटलेलं बटण, धरमपेठेतल्या एका आर्किटेक्टला घरांची छोटी मॉडेलं, असं ती करून देते. तारेची रिळं बाहेरून मागवते.

चंद्रभान पहिल्यांदा त्या प्रिंटरसमोर बसला तो अडीच तास उठला नाही. मग मला फोन केला.

‘नत्थू, हे आपलंच मशीन आहे गा. फक्त उलटं. आपण वितळवून तार काढत होतो, हे तार घेऊन वितळवते.’

‘मग?’

‘मग काय मग. तार विकत काहून आणायची?’

पाण्याच्या आणि थंड पेयाच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या असतात, त्याचाच आमच्याकडं धागा निघायचा. तेव्हा माल ओळखीचा होता. मशीन बनवायला आम्हाला सात आठवडे लागले, रोज चार तास धरून. एका फळीवर दोन बेअरिंग आणि एक पातं. बाटलीचं बूड कापून ती त्यात फिरवली की सलग पट्टी सुटते, आठ मिलिमीटर रुंद. ही पट्टी गरम नोझलमधून ओढायची. आत जाताना चपटी, बाहेर येताना गोल. पलीकडं गाडीच्या वायपरची मोटर लावलेला ड्रम तार गुंडाळत राहतो. मधे तारेच्या वाटेवर जे जे लागतं ते कारखान्यात होतं त्याच क्रमानं लावलं. दोन लिटरच्या एका बाटलीला चाळीस मिनिटं. घाई केली की तार बारीक होते, रेंगाळलं की पट्टी आतच जळते.

तारेची जाडी पावणेदोन मिलिमीटर पाहिजे. व्हर्नियर घरात आहे, पण चंद्रभान आधी बोटांनी सांगतो आणि मग व्हर्नियर लावतो. मी पन्नास वेळा तपासलं. तो तीनदा चुकला, तेही किंचित. दोन बाटल्यांच्या तारा टोकं तापवून जोडता येतात. त्यानं कधी जोडल्या नाहीत. ‘गाठ असली की बी ग्रेड,’ म्हणतो. म्हणून एका बाटलीचं एक रीळ, सव्वा हात घेराचं, दिसायला काचेसारखं. मी सांगतो, इतकी नीट गुंडाळलेली तार दुकानातही मिळत नाही.

दिपालीनं पहिलं रीळ दुसऱ्याच दिवशी परत आणलं.

‘मामाजी, चिकटत नाही हे.’

‘म्हणजे?’

‘पहिला थर खाली पाट्यावर चिकटला पाहिजे ना. तो उचलून येते. कसाबसा चिकटला तर वरचे थर एकमेकाले धरत नाहीत. पापडासारखे सुटतात.’

‘तुह्या मशीनचा पाटा वाकडा असन.’

तिनं पाटा लेव्हल केला. मी स्पिरिट लेव्हल घेऊन गेलो आणि पुन्हा केला. दुसरं रीळ परत आलं. पाट्याचं तापमान वाढवलं, तिसरं परत आलं. तिसऱ्या वेळी चंद्रभान स्वतःच म्हणाला, ‘चिठ्ठी लाव.’ दिपाली नको नको म्हणत होती. सासऱ्याच्या कामाला लाल चिठ्ठी कोणती सून लावील? पण तो हटून बसला. शेवटी तिनं लग्नपत्रिकेचा लाल कागद फाडला, ‘चिकटत नाही’ लिहिलं आणि तीन चिठ्ठ्या तीन रिळांना बांधल्या. चंद्रभाननं तिन्ही रिळं मागच्या गॅलरीत खिळ्यांना टांगली, मशीनच्या बरोबर समोर.

मे महिन्यात दिपालीचे वडील आले. गणपतराव. कुहीकडं त्यांची शेती आहे. व्याह्याला आमच्याकडं इवाई म्हणतात, आणि इवाई घरी आला की घरचा माणूस आपल्याच घरात दोन बोटं उंच चालतो. गणपतराव नात्यातल्या एका लग्नाला म्हणून गुरुवारी आले आणि रविवारच्या दुपारच्या बसनं परत जाणार होते. सोबत त्यांनी टोकण यंत्राचा डबा आणला होता. हे यंत्र हातानं ढकलत न्यायचं असतं. त्याच्या डब्यात बियाणं भरतात, आत एक चकती फिरते, तिच्या कडेला खाचा असतात, आणि प्रत्येक खाच एक दाणा उचलून खाली टाकते.

‘एक दाणा टाकते म्हणे,’ गणपतराव जेवताना म्हणाले. मीही पंगतीला होतो. ‘माही घरची तूर बारीक. कंपनीची खाच मोठी. दोन दोन दाणे जातात, कधी तीन. मंग उगवलं की उपटत बसा. मागच्या साली मी अन् दिपालीची माय, आठ दिवस वाकून होतो.’

‘बाबा, डबा ठेवून जा,’ दिपाली म्हणाली. ‘तुमच्या तुरीच्या मापानं चकती काढून देते. दुकानचं रीळ आहे माह्याजवळ.’

चंद्रभानचा घास हातात थांबला.

‘दुकानचं काहून? माह्या तारेची काढ.’

दिपाली ताटाकडं पाहू लागली. वहिनी गॅलरीकडं पाहू लागल्या. मी वरण मागितलं.

‘तुमी तार करता, इवाई?’ गणपतरावांनी विचारलं.

‘सत्तावीस वर्षं तेच केलं.’

‘मंग झालीच म्हणा चकती.’

‘रविवारी घेऊनच बसमधे बसा.’

‘अन् नाई जमली तं?’ वहिनींनी विचारलं. विचारायला नको होतं.

‘नाई जमली तर मशीन भंगारात. गॅलरी तुले मोकळी.’

इवाईसमोर बोललेलं मागं घेता येत नाही. हातात शुक्रवार, शनिवार आणि अर्धा रविवार होता. मशीन माझंही सात आठवड्यांचं होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी दिपालीनं डब्याची आणि दाण्यांची मापं घेतली. बारा खाचांची चकती, तळहाताएवढी. चंद्रभाननं ताजं रीळ काढलं. प्रिंटर सुरू झाला आणि नोझलमधून तडतड आवाज येऊ लागला, फोडणीसारखा. थरात बुडबुडे.

‘पाणी!’ चंद्रभान ओरडला. त्याचा चेहरा उजळला. ‘नत्थू, पाणी आहे गा तारेत!’

हे खरं होतं. हे प्लास्टिक हवेतली ओल पितं. कारखान्यात दाणा वितळवायच्या आधी तासन् तास वाळवायचे. मग आता घरात ओल कुठून येते? चंद्रभान खोलीभर फिरला आणि कूलरसमोर उभा राहिला. कूलर म्हणजे ओल्या गवतातून पाणी आणि वारा. त्यानं बटण बंद केलं.

नागपूर. मे महिना. पंचेचाळीस.

‘तुमाले काही लाज?’ वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. ‘इवाई घरात आहेत.’

‘त्यायच्याच चकतीसाठी करून राहिलो.’

गणपतराव बनियनवर बसले होते. पाहुण्यानं तक्रार करायची नसते, तेही इवाईनं तर अजिबात नाही. ‘राहू द्या ईनबाई,’ ते वहिनींना म्हणाले. ‘मी वावरातच असतो. मले आदत आहे.’ थोड्या वेळानं ते पंख्याखाली सरकले. मग दाराजवळ. मग मला दिसले ते खालच्या जिन्यात, फरशीला पाठ लावून.

रीळ आम्ही गच्चीवर नेलं. तिथल्या टिनाच्या पत्र्यावर काळा डबा ठेवला, रीळ आत. उन्हात टिनाला हात लागत नव्हता. तीन तास वाळवलं. दुपारी पुन्हा लावलं. तडतड बंद. तार गुळगुळीत बाहेर पडू लागली.

‘पाहा,’ चंद्रभान म्हणाला.

आम्ही पाहिलं. पहिली दहा मिनिटं चकती गोल येत होती. मग एक कड उचलली. मग दुसरी. मग सगळी चकतीच पाट्यावरून सुटली आणि नोझलला चिकटून इकडून तिकडं जाऊ लागली.

गणपतराव जिन्यातून वर आले होते. ते थोडा वेळ बघत राहिले. ‘पेरायले निघाली वाटते,’ म्हणाले.

दिपालीनं हसू तोंडात धरलं. प्रिंटर बंद करून चंद्रभान पाट्यावरचा चोथा काढत बसला, वीस मिनिटं, पात्यानं, एकही ओरखडा न पाडता.

शनिवारी सकाळी मी गेलो तेव्हा कूलर बंदच होता. घरातले सगळे ओल्या दुपट्ट्यांत. दुसरंच काहीतरी चाललं होतं ते मला नंतर कळलं. वहिनींच्या खोबरेल तेलाची बाटली आठवड्यात अर्धी झाली होती. दोन महिन्यांपासून तेल असंच भराभर संपत होतं, पण या आठवड्यात फारच. घरात नवीन माणूस एकच. वहिनींनी हिशेब तिथंच बसवला. आता इवाईला तेल जरा कमी लावा असं कसं सांगायचं? विहिणीनं इवाईच्या तेलाचा विषय काढला तर दोन पिढ्या पुरेल एवढं बोलणं होईल. आणि मुख्य म्हणजे गणपतरावांना टक्कल आहे. कानावर मोजून दोन झुपके. तेवढ्यांना अर्धी बाटली लागते कशी, या विचारात वहिनी दोन दिवस होत्या. शेवटी त्यांनी बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दहाच्या सुमारास चंद्रभान गॅलरीत मशीन तापवून तयार झाला. बाटली कापून झाली होती. पट्टी नोझलमधे घातली होती. गणपतराव, दिपाली आणि मी दारात उभे होतो.

‘अवं, तेलाची बाटली कुठी ठेवली?’ त्यानं आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली.

वहिनी बाहेर आल्या. त्यांनी गणपतरावांच्या डोक्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

‘तुमाले कशाले तेल?’

‘मले नाई. तारेले.’

‘तारेले?’

‘हो ना. रोजच तर लावतो.’

‘तुमी लावता?’ वहिनी खाली बसल्या. ‘माय वं! अन् मी इवायांवर…’ त्यांनी पदर तोंडाला लावला. गणपतरावांनी हात डोक्यावरून फिरवला. त्यांना अर्धंच कळलं होतं, पण तेवढं पुरेसं होतं.

दिपाली मात्र हसली नाही. ती गॅलरीत गेली आणि नोझलच्या पुढं, तारेच्या वाटेवर, एका पत्र्याच्या पट्टीत बसवलेल्या स्पंजाला तिनं बोट लावलं. बोट चमकलं.

‘मामाजी, तुम्ही तारेले तेल लावता?’

‘मग? कोरडी तार गुंडाळायची?’

तो प्रश्न त्यानं अगदी सरळपणे विचारला. सांगतो काय आहे ते. आमच्या कारखान्यात धागा गार झाला की रिळावर जायच्या आधी तेलावरून जातो. कोरडा धागा घासतो, त्यात वीज भरते, तो पिंजारतो, तुटतो. सत्तावीस वर्षांत चंद्रभाननं कोरडा धागा पाहिलेला नाही. मीही नाही. तो स्पंज धरायची पत्र्याची पट्टी मी बसवली होती, दोन स्क्रूंवर. बसवताना मला एकदाही वाटलं नाही की ही कशाला. कोणी म्हटलं असतं तर मी दोन बसवल्या असत्या.

‘तेल आहे म्हणून चिकटत नाही,’ दिपाली म्हणाली. ‘पाट्याले नाही अन् एकमेकाले पण नाही. प्रत्येक थरात तेल चाललं ना मामाजी. मी खाली पाटा पुसून राहिले, अन् तेल वरून येऊन राहिलं.’

चंद्रभान माझ्याकडं पाहू लागला. ‘नत्थू?’

‘बरोबर म्हणते ती,’ मी म्हणालो.

‘आपल्याले कसं नाई सुचलं गा?’

‘आपल्याले कोरडं सुचतच नाही.’

‘इवाई,’ गणपतराव म्हणाले, ‘माह्या चकतीले तेल नसलं तरी चालते. तुरीले चोळतो मी वाटलं तर.’

चंद्रभाननं स्क्रू स्वतः काढले. पट्टी आणि स्पंज पुड्यात बांधले. मग खरं काम सुरू झालं. तेल फक्त स्पंजात नव्हतं. ड्रमवर होतं, रोलरवर होतं, प्रिंटरच्या नळीत होतं, पाट्यावर होतं. ड्रम खोलला, प्रत्येक भाग भांड्याच्या पावडरनं दोनदा धुतला, उन्हात वाळवला, कागदानं पुसून कागद उजेडात धरला. डाग दिसला की पुन्हा. पाच तास गेले. साडेतीनला चंद्रभान हात धुऊन उभा राहिला आणि वहिनी म्हणाल्या, ‘अन् डोक्याचं?’ त्यानं सकाळी डोक्याला चांगलं थापलं होतं. परत आंघोळ करून, डोक्याला कोरडा रुमाल बांधून आला.

तोपर्यंत बाटल्या संपल्या होत्या. चकतीला दोन लिटरचीच पाहिजे, आणि सरळ अंगाची. फ्रिजमधल्या वहिनींच्या बाटल्या मागच्या महिन्यातच तारेत गेल्या होत्या. सकाळी कापलेली पट्टी नोझलमधे राहून जळाली होती. चंद्रभानची नजर खोलीभर फिरली आणि गणपतरावांच्या मांडीजवळ थांबली. त्यांची बसमधली पाण्याची बाटली. दोन लिटर, सरळ अंग, एक पोचा नाही.

‘हे नाई,’ गणपतराव म्हणाले. ‘हे माही दोन वर्षांची आहे.’

‘म्हणूनच म्हणतो. चांगला माल आहे.’

‘बसमधे पाणी कायच्यात नेऊ?’

‘चकती पायजे का पाणी?’

गणपतरावांनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं, सगळं, घाई न करता, आणि बाटली दिली.

त्या संध्याकाळी ती फक्त धुऊन, पुसून, कापून ठेवली. तार रविवारी सकाळी सहाला काढली, हवा थंड असताना. मी सांगतो, ती चाळीस मिनिटं चंद्रभानला जड गेली. तार कोरडी होती. रोलरवरून जाताना बारीक किरकिर करत होती. त्या आवाजाला कारखान्यात त्यानं धावत जाऊन मशीन बंद केलं असतं. इथं तो हात पाठीमागं बांधून उभा होता. दोनदा त्याचा हात स्पंजाच्या जागेकडं गेला. मी दोन्ही वेळा पाहिलं नाही असं केलं. तार तुटली नाही. ड्रमवर पूर्ण रीळ आलं. तासभर टिनावर वाळवलं, आणि सव्वाआठला दिपालीनं प्रिंटर सुरू केला.

बस एकची. चकतीला साडेतीन तास. कूलर बंद.

पहिला थर बसला. कड उचलली नाही. दुसरा बसला. आम्ही पाच माणसं एका खोलीत, घामानं निथळत, तळहाताएवढ्या गोल वस्तूकडं पाहत होतो. कोणी जवळ जाईना, घाम पडेल म्हणून. दहाला वहिनींनी ताक दिलं. अकराला गणपतराव म्हणाले, ‘वावरात यापेक्षा थंड असते,’ आणि ही त्यांची चार दिवसांतली पहिली तक्रार. पावणेबाराला प्रिंटर थांबला.

पाटा गार होईपर्यंत चंद्रभाननं कोणाला हात लावू दिला नाही. मग चकती काढली. दोन्ही हातांत धरून वाकवली. थर सुटला नाही. मला दिली. मी जोर लावला. मी फिटर आहे, माझा जोर बायका-पोरांचा नाही. सुटला नाही.

गणपतरावांनी डब्यात चकती बसवली, धोतराच्या कोपऱ्यातली तूर ओतली. खाली चादर अंथरली.

‘धा फेरे,’ ते म्हणाले. ‘बारा खाचा. एकशे वीस दाणे पडले पायजे.’

ते फिरवू लागले. टप, टप, एक एक दाणा. वहिनी आणि दिपाली चादरीवर दाणे मोजत होत्या, दहा दहाचे ढीग करून. कंपनीच्या चकतीनं आदल्या दिवशी याच फेऱ्यांत दोनशे एकतीस टाकले होते.

‘एकशे सतरा,’ वहिनी म्हणाल्या.

‘झालं!’ गणपतरावांनी मांडीवर थाप मारली. ‘जमली, इवाई! एक नंबर जमली!’

‘तीन कुठी गेले?’ चंद्रभान म्हणाला.

‘जाऊ द्या न तीन.’

‘तीन काहून जाऊ द्यायचे? कोणती खाच रिकामी गेली ते पाहू. पुन्हा फिरवा. खाचेले नंबर टाकू.’

‘इवाई, सव्वाबारा झाले. बस आहे.’

‘अर्ध्या तासाचं काम आहे.’

गणपतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना कारखान्यातली गोष्ट सांगू शकलो असतो, की या माणसानं एकदा एका रिळासाठी सगळी शिफ्ट थांबवून ठेवली होती. पण वेळ नव्हता. त्यांनीच मार्ग काढला. चकती डब्यातून काढून बनियनच्या आत, पोटाशी ठेवली, वरून सदरा घातला, बटणं लावली. इवाईच्या सदऱ्यात कोण हात घालील? चंद्रभान त्यांच्यामागं बस स्टॉपपर्यंत गेला, खिशात बारीक कानस घेऊन. मीही गेलो. बस सुटेपर्यंत तो खिडकीशी उभा राहून सांगत होता, ‘खाच घासायची नाई. तशीच ठेवा. मी येतो.’

गणपतराव खिडकीतून म्हणाले, ‘या न. पाण्याची बाटली घेऊन या.’

पेरणी झाल्यावर बारा दिवसांनी चंद्रभान मला घेऊन त्यांच्या गावी गेला. बांधावर जयभीम झाला, चहा झाला. तूर बोटभर वर आली होती. ओळी सरळ, एका जागी एक रोप. गणपतराव पुढं चालत होते आणि दाखवत होते. ‘यंदा उपटणं नाई. दिपालीची माय म्हणते इवायाले धोतर घ्या.’

चंद्रभान ऐकत नव्हता. तो एका ओळीत उतरला, पहिल्या रोपापासून मोजत निघाला. जिथं जागा रिकामी दिसली तिथं उकिडवा बसला आणि बोटानं माती उकरू लागला. मग पुढची रिकामी जागा. मग पुढची. साठीचा माणूस, उन्हात, अख्खी ओळ. आम्ही बांधावर थांबलो. अर्ध्या तासानं तो मातीचे हात घेऊन आला आणि मूठ उघडली. मुठीत न उगवलेले, फुगून काळे पडलेले तुरीचे दाणे होते.

‘मोजा,’ तो म्हणाला.

गणपतरावांनी मोजले. नऊ.

‘दाणा पडला होता, इवाई. नऊ ठिकाणी पडला होता. उगवला नाई. हे चकतीचं नाई. हे तुमच्या बियाण्याचं.’

गणपतरावांनी एक दाणा चिमटीत धरून उजेडात पाहिला. बियाणं त्यांच्या घरचं होतं, तीन पिढ्यांचं.

‘सगळी ओळ पाह्यली?’

‘सगळी.’

‘अन् रिकाम्या जागा किती होत्या?’

चंद्रभाननं हात झटकले. तो खोटं बोलत नाही, त्याला ते जमत नाही.

‘अकरा,’ तो म्हणाला. ‘दोन ठिकाणी दाणाच नव्हता. चकती कुठी आहे? आणा.’